दुसरी गाडी जुनी घेताय? आधी पत्रा तपासा

प्रश्न : आम्ही गुहागर तालुक्यात, समुद्रापासून दीड किलोमीटरवर राहतो. घरची गाडी यजमान रोज चिपळूणला नेतात, ती संध्याकाळी सातला परत येते. सासऱ्यांना महिन्यातून दोनदा तपासणीला न्यावं लागतं, सासूबाईंचे गुडघे धरलेत, मुलाची शाळा आहे. रिक्षा हवी तेव्हा मिळतेच असं नाही. मला गाडी चालवता येते, म्हणून घरात एक साधी जुनी गाडी ठेवायचं ठरलंय. सगळं धरून दीड लाख आहेत. तीन गाड्या समोर आहेत. वाडीतलीच 2008 ची मारुती 800, किंमत 45 हजार, पासिंग (आरटीओची नोंदणी) दोन वर्षांपूर्वी संपलंय, पण 'फक्त 32 हजार किलोमीटर' चाललेली. कराडची 2012 ची पेट्रोल वॅगन आर, 78 हजार किलोमीटर, 1 लाख 30 हजार. आणि चिपळुणातली 2011 ची एक डिझेल हॅचबॅक, किंमत 85 हजार, ॲव्हरेज फार चांगलं म्हणतात. कुठली घ्यावी? आणि बघायला गेल्यावर नेमकं काय बघावं?
– एक वाचक, गुहागर तालुका

ताई,

डिझेल आजच सोडून द्या. वॅगन आर बघायला जा. 800 चा विचार एकाच अटीवर करा, ती पुढे दिली आहे.

पण तिन्ही गाड्यांना लागू पडणारी गोष्ट आधी. समुद्राजवळ राहणाऱ्याने जुनी गाडी बघताना बोनेट नंतर उघडायचं, आधी गाडीखाली वाकायचं. या छोट्या पेट्रोल गाड्यांचं इंजिन शृंगारतळीपासून चिपळूणपर्यंत कुठलाही बरा मेकॅनिक उघडून पुन्हा बांधू शकतो. क्लच प्लेट, वॉटर पंप, शॉकअप, सेल्फ (स्टार्टर), सगळं बदलून मिळतं. खालचा पत्रा सडला की मात्र वेल्डिंगचं ठिगळ लावून एखाद-दुसरा पावसाळा निघतो, मग त्या ठिगळाच्या शेजारचा पत्रा जातो. दर वर्षी खर्च आणि दर वर्षी गाडी थोडी अधिक धोकादायक.

खाऱ्या हवेचं काम हळू चालतं आणि दिसत नाही. पत्र्यावर बसलेलं मीठ हवेतला ओलावा ओढून धरतं, त्यामुळे वरून कोरडी दिसणारी गाडी सांध्या-सांध्यांत ओलीच असते, एप्रिल-मेमध्येसुद्धा. पावसाळ्यात आपल्याकडे तीन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो, त्यात वरचं मीठ धुऊन जातं. पण चाकांच्या कमानीत आणि दरवाजाखालच्या पोकळ पट्टीत जाऊन बसलेली लाल माती महिनोन्‌महिने ओल्या फडक्यासारखी राहते. गंज आतून सुरू होतो. बाहेर रंगाला फोड आलेला दिसतो तेव्हा आतला पत्रा बहुतेक संपलेला असतो.

म्हणून कराडची गाडी मला पहिल्यापासून बरी वाटते. घाटावर दहा-बारा वर्षं काढलेल्या गाडीखाली आणि किनाऱ्यावर तेवढीच वर्षं काढलेल्या गाडीखाली जमीन-अस्मानाचा फरक असतो. त्याच कारणाने ज्या गाडीच्या मालकाला पुळणीवर (समुद्रकाठच्या वाळूत) गाडी फिरवायची हौस होती, ती गाडी फुकट मिळाली तरी नको. स्टेपनीच्या खड्ड्यात आणि कार्पेटखाली बारीक वाळू सापडली की ओळखायचं.

बघायला जाताना बॅटरी (टॉर्च), एक स्क्रू-ड्रायव्हर, मऊ फडक्यात गुंडाळलेलं लोहचुंबक आणि जुनी वर्तमानपत्रं बरोबर घ्या. सकाळीच जा आणि मालकाला आदल्या दिवशीच सांगून ठेवा की आम्ही येईपर्यंत गाडी चालू करू नका. पोचल्यावर बोनेटवर हात ठेवा. गरम लागलं तर दुसऱ्या दिवशी पुन्हा या.

आधी आतून. ड्रायव्हरच्या आणि बाजूच्या सीटसमोरचं कार्पेट उचला, तळाचा पत्रा अंगठ्याने दाबा. दबला, करकरला किंवा कुबट वास आला तर विंडशील्डच्या खालून पाणी आत उतरतंय. डिकीत स्टेपनी बाहेर काढून खालचा खड्डा बघा. चारही दरवाजांच्या खालच्या कडेला पाणी जायला बारीक भोकं असतात. ती मातीने बुजलेली असली तर दरवाजाचा तळ आतून खाल्लेला असणार, तिथे बोट फिरवा. लोहचुंबक चाकांच्या कमानींवर आणि दरवाजाखालच्या पट्टीवर फिरवा. जिथे ते धरत नाही तिथे पत्रा नाही, लांबी (भरलेली पुट्टी) आहे. बोनेट उघडल्यावर दोन्ही बाजूंना शॉकअपचे वरचे बोल्ट दिसतात. त्यांच्याभोवतीचा गोल पत्रा आणि बॅटरीच्या ट्रेखालचा पत्रा नीट पाहा. बॅटरीचं ॲसिड आणि खारी हवा एकत्र आली की तिथे भोक पडतंच.

मग गाडी जवळच्या वॉशिंग सेंटरच्या रॅम्पवर चढवायला सांगा. पैसे तुम्ही द्या. मालक याला नाही म्हणाला तर चहा न घेता परत फिरलात तरी चालेल. खाली पाच जागा सोडू नका: जॅक लावायच्या जागा, पुढच्या चाकाला धरणारा लोअर आर्म जिथे बसतो तो आडवा पत्रा, मागचा ॲक्सल बॉडीला जिथे धरला आहे ते ब्रॅकेट, पेट्रोलच्या टाकीची शिवण आणि तिचे पट्टे, आणि पुढून मागे गेलेले ब्रेकचे बारीक पाइप. स्क्रू-ड्रायव्हरच्या मुठीने ठोका. वरवरचा तांबूस गंज पुसला जातो आणि खालचा पत्रा खणखण वाजतो, त्याला घाबरायचं कारण नाही. आवाज बद्द आला किंवा पापुद्रे गळायला लागले तर ती जागा गेली. ब्रेकच्या पाइपवर गंजाच्या गाठी असल्या तर पाइप बदलणं हा सौद्याचाच भाग धरा. तो कधी फुटेल ते सांगून फुटत नाही, आणि घाटात फुटला तर काय, ते तुम्हाला सांगायला नको.

खालून नुकताच काळाकुळकुळीत डांबरी कोट मारलेला दिसला तर कौतुक करू नका. गंजावर मारलेला कोट ओल आत कोंडतो आणि गंज झाकतो. दोन-तीन ठिकाणी खरवडून बघायची परवानगी मागा.

आता डिझेलबद्दल. ती 2011 ची आणि चिपळुणातली आहे. 22 जुलै 2021 ला वाशिष्ठी नदीचं पाणी बाजारपेठेत शिरलं तेव्हा असंख्य गाड्या बुडाल्या. त्यातल्या कितीतरी धुऊन-पुसून पुन्हा रस्त्यावर आल्या. ही गाडी त्यातलीच आहे असं मी म्हणत नाही. पण चिपळूण, महाड किंवा 2019 आणि 2021 च्या पुरातल्या कोल्हापूर-सांगलीची गाडी असेल तर तपासल्याशिवाय पुढे जायचं नाही. सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढून काढा. धुतलेल्या गाडीतही बेल्टच्या शेवटच्या हातभर भागावर चिखलाची रेघ राहते. सीटच्या रुळांचे बोल्ट, डॅशबोर्डखालच्या वायरींचे जोड, हेडलाइटच्या आतली काच बघा. जोडांवर हिरवट बुरशीसारखं साचलेलं असलं तर तांबं आतून खाल्लं जातंय. अशी गाडी वर्षभर ठीक चालते, मग एक दिवस सेल्फ घेत नाही, दुसऱ्या दिवशी काच खाली होत नाही, आणि दोष कोणालाच सापडत नाही.

पूर सोडला तरी तुमच्या कामाला डिझेल योग्य नाही. इंजेक्टर, पंप, टर्बो यातली एकच दुरुस्ती निघाली की गाडीच्या किमतीचा मोठा हिस्सा तिथेच जातो. शाळा आणि दवाखाना अशा छोट्या फेऱ्यांत डिझेल इंजिन नीट तापत नाही, काजळी धरतं. महिन्याला तीन-चारशे किलोमीटर चालणाऱ्या गाडीत ॲव्हरेजचे जे पैसे वाचतील ते जरा वहीत मांडून बघा, फार थोडे निघतील.

वाडीतल्या 800 कडे येऊ. गाडी म्हणून ती उत्तम. उत्पादन जानेवारी 2014 मध्ये थांबलं, पण इंजिनचे सुटे भाग अजून सहज मिळतात. अडचण कागदांची आहे. खासगी गाडीची नोंदणी 15 वर्षांची असते, ती 2023 मध्ये संपली. नूतनीकरणाची फी 5,000 रुपये. उशिराबद्दल महिन्याला 500, म्हणजे दोन वर्षांचे 12,000. हे झाले 17,000. त्यावर पर्यावरण कर, इन्शुरन्स, पीयूसी, नवी नंबर प्लेट नसेल तर ती, आणि रत्नागिरीला आरटीओसमोर गाडी उभी करायची म्हणजे लाइट, ब्रेक, पत्रा ठाकठीक करणं आलं. 45 हजारांची गाडी रस्त्यावर येईपर्यंत 70 हजारांच्या घरात जाते. नूतनीकरण पाचच वर्षांचं मिळतं, आणि 20 वर्षांवरच्या मोटारींची फी ऑगस्ट 2025 पासून 10,000 झाली आहे. पासिंग नसलेली गाडी अपघातात सापडली तर इन्शुरन्सचा वाद वेगळाच.

'फक्त 32 हजार' या शब्दालाही फार भुलू नका. सतरा वर्षांत 32 हजार म्हणजे गाडी बहुतेक काळ अंगणात उभी होती. उभ्या गाडीच्या टाकीत वरून गंज धरतो, ब्रेकचे व्हील सिलिंडर जाम होतात, रबरी नळ्या तडकतात, सायलेन्सर आतून सडतो. टायमिंग बेल्ट किलोमीटरवर मोजून चालत नाही, वयानेही जातो. मूळचाच असेल तर गाडी घरी आणण्याआधी बदलायचा. म्हणून माझी अट अशी: पासिंग मालकाने स्वतःच्या नावावर करून द्यावं आणि मगच 45 हजार घ्यावेत, किंवा आहे तशी गाडी वीस-बावीस हजारांत द्यावी. तळाचा पत्रा चांगला असेल तरच. गावचा माणूस आहे म्हणून संकोच होईल, पण हिशोब कागदावर मांडून दाखवलात तर वाईट वाटायचं कारण नाही.

वॅगन आरच्या बाजूने एक गोष्ट तुमच्या पत्रातच आहे: सासूबाईंचे गुडघे. 800 मध्ये खाली वाकून बसावं लागतं आणि उठताना आधार लागतो. वॅगन आरचं आसन उंच आहे, खुर्चीवर बसल्यासारखं आत सरकता येतं. सासऱ्यांनाही महिन्यातून दोनदा दवाखान्याला न्यायचं, तर याचं मोल इंजिनाइतकंच आहे. शिवाय 2010 नंतरच्या पेट्रोल वॅगन आरमध्ये 998 सीसीचं के-सिरीज इंजिन आहे. त्याला टायमिंग बेल्ट नाही, चेन आहे, म्हणजे तो एक ठरावीक खर्च वाचतो. मात्र ऑइल वेळेवर बदललं नसेल तर चेन ढिली पडते. थंड इंजिन चालू करताच पुढून खळखळ आवाज आला आणि काही सेकंदांत थांबला नाही तर मेकॅनिकला ऐकवा.

चालू केल्यावर मागे उभं राहा. निळा धूर म्हणजे ऑइल जळतंय: फक्त पहिल्या मिनिटात आला तर वॉल्व्हचे सील, चढावर सतत आला तर पिस्टनच्या रिंगा. सकाळची पांढरी वाफ सोडून द्या. पण इंजिन तापल्यावरही पांढरा धूर आणि गोडसर वास राहिला तर हेड गॅस्केट. कूलंटच्या बाटलीत गढूळ तांबडं पाणी असेल तर मालकाने वर्षानुवर्षं विहिरीचं किंवा बोअरचं पाणी ओतलंय आणि रेडिएटर आतून बुजत आलाय. एसी लावून गाडी पंधरा-वीस मिनिटं उभी चालू ठेवा. पंखा आपोआप लागून बंद व्हायला हवा आणि तापमानाचा काटा असेल तर तो मध्यावर राहायला हवा. खाली वर्तमानपत्र पसरून ठेवा. ऑइलचा काळा थेंब, कूलंटचा रंगीत थेंब आणि एसीचं स्वच्छ पाणी कागदावर वेगवेगळं कळतं.

मग चालवा, आणि चढ शोधून चालवा. तिसऱ्या गिअरमध्ये पंचवीसच्या वेगाने चढावर ॲक्सिलरेटर दाबा. इंजिनचा आवाज वाढला आणि गाडी तेवढी ओढली नाही तर क्लच प्लेट संपली. मोकळ्या मैदानात स्टिअरिंग पूर्ण वळवून गोल फिरवा, टिक-टिक आवाज ड्राइव्ह शाफ्टचा. चाळीसच्या वेगाने ब्रेक मारा, गाडी एका बाजूला ओढते का बघा. ब्रेकचं पेडल दाबून अर्धा मिनिट धरा, हळूहळू खाली गेलं तर मास्टर सिलिंडर. पुढेमागे करून रिव्हर्सही टाकून बघा. हे सगळं पसंत पडलं तर मेकॅनिककडून कॉम्प्रेशन (सिलिंडरमधला दाब) मोजून घ्या: इंजिन गरम, तिन्ही प्लग काढलेले, ॲक्सिलरेटर पूर्ण दाबलेला. तीन आकड्यांत एक किलोहून (दर चौरस सेंटिमीटरला) जास्त फरक असेल तर भाव पाडा किंवा गाडी सोडा.

टायरच्या बाजूला चार आकडे कोरलेले असतात, पहिले दोन आठवडा आणि पुढचे दोन वर्ष. 1519 म्हणजे 2019 चा पंधरावा आठवडा. नक्षी कितीही खोल असो, सहा-सात वर्षांवरचा टायर आपल्या पावसात नको.

कागद थोडक्यात: परिवहनच्या साइटवर नंबर टाकून मालक कितवा, बँकेचा बोजा, इन्शुरन्स आणि चलनं बघा. बोजा असेल तर बँकेचं पत्र आणि फॉर्म 35. नावावर करायला फॉर्म 29 आणि 30. सही घेऊन पैसे देऊन मोकळं होऊ नका, आरसी तुमच्या नावावर होईपर्यंत थोडी रक्कम मागे ठेवा. चासी नंबर आरसीशी स्वतः जुळवून बघा. गोव्याच्या किंवा दिल्लीच्या नंबरची स्वस्त गाडी कोणी दाखवली तर एनओसी आणि महाराष्ट्राचा कर धरून हिशोब करा, स्वस्ताई तिथेच संपते. या गाडीला थर्ड पार्टी इन्शुरन्स पुरेसा आहे. 1000 सीसीच्या आतल्या मोटारीचा 2022 मध्ये ठरलेला दर 2,094 रुपये अधिक जीएसटी. चालवणाऱ्या मालकाचं 15 लाखांचं अपघाती संरक्षण त्यात घ्यायला विसरू नका. गाडी तुम्ही चालवणार, तर ती तुमच्याच नावावर घ्या.

भाव. वॅगन आरचं पासिंग 2027 मध्ये येतंय, तेव्हाचा खर्च आत्ताच बोलण्यात आणा. तळ स्वच्छ असेल तर 1 लाख 10 हजारांपर्यंत जा, त्यापुढे नको. उरलेले 40 हजार खर्चायचेच आहेत असं धरा. पहिल्याच आठवड्यात इंजिन ऑइल (साधारण तीन लिटर) आणि फिल्टर, कूलंट धुऊन नवा, ब्रेक ऑइल पूर्ण बदलून. ब्रेक ऑइल हवेतली ओल शोषतं, म्हणून आपल्याकडे दर दोन वर्षांनी. मग बॅटरी, वायपरचे रबर आणि लागतील ते टायर. बॅटरीपासून बॉडीला आणि गिअरबॉक्सला जाणारी अर्थिंगची पट्टी काढून, घासून, ग्रीस लावून बसवायला सांगा. 'सेल्फ घेत नाही' या तक्रारीचं मूळ किनाऱ्यावर पुष्कळदा तिथेच सापडतं.

वॅगन आर जमली नाही तर त्याच वर्षांतली अल्टो, अल्टो के10 किंवा आय10 पेट्रोल शोधा, शक्यतो घाटावरची. भारतातून निघून गेलेल्या कंपन्यांच्या गाड्या फार स्वस्त मिळतात. शेव्हरोलेची विक्री 2017 अखेर थांबली, फोर्डचं उत्पादन 2021 मध्ये बंद करायचं ठरलं. अशा गाडीचा बंपर किंवा हेडलाइट शोधत तुम्ही दिवस घालवावा, असं मला वाटत नाही. अडीअडचणीला ठेवलेल्या गाडीचा सुटा भाग तालुक्यातच मिळायला हवा.

घरी आल्यावर खरी काळजी उभ्या राहण्याची. आठवड्यातून एकदा निदान वीस मिनिटं, दहा-बारा किलोमीटर चालवाच. अंगणात पाच मिनिटं चालू करून बंद करणं वाईट, त्याने सायलेन्सरमध्ये पाणी साचतं आणि बॅटरी भरत नाही. त्यातली दहा मिनिटं एसी लावा. दोन आठवड्यांहून जास्त उभी राहणार असेल तर बॅटरीची निगेटिव्ह वायर सोडा. साध्या मीटरवर पूर्ण भरलेली बॅटरी 12.6 व्होल्ट दाखवते, 12.2 ला आली म्हणजे निम्मी उतरली. पावसाळ्यात हँडब्रेक ओढून ठेवू नका, ब्रेक शू ड्रमला गंजून चिकटतात. पहिल्या गिअरमध्ये ठेवा आणि चाकाला चिऱ्याचा (जांभ्या दगडाचा) तुकडा लावा. टाकी अर्ध्याच्या खाली नको, पण भरलेलं पेट्रोल दोन महिन्यांत संपवा. आताच्या पेट्रोलमधलं 20 टक्क्यांपर्यंतचं इथेनॉल ओल धरतं आणि जुन्या रबरी नळ्यांना मानवत नाही. त्या नळ्या एकदा तपासून बदलून घ्या.

माडाखाली गाडी लावू नका. नारळ सोडा, नुसती झावळी पडली तरी काच जाते. गवतावर किंवा ओल्या मातीवरही नको. चिऱ्याची किंवा सिमेंटची फरशी आणि वर पत्र्याची साधी शेड, बाजू उघड्या. प्लास्टिकची ताडपत्री घट्ट बांधलीत तर आत वाफ धरून बुरशी आणि गंज दोन्ही येतात. सीटखाली वाटीत कळीचा चुना ठेवला तर ओल ओढतो. वाटी सांडणार नाही आणि मुलाचा हात लागणार नाही अशी ठेवा. उंदरांसाठी एअर फिल्टरच्या नळीच्या तोंडाला बारीक जाळी लावा आणि आठवड्याच्या फेरीआधी बोनेट उघडून बघायची सवय ठेवा.

तवसाळ-जयगड फेरीबोटीने रत्नागिरीला गेलात तर धक्क्यावरचं खारं पाणी चाकांना आणि खाली लागतं. त्याच दिवशी, निदान दुसऱ्या दिवशी, नळीने कमानी आणि तळ गोड्या पाण्याने धुऊन टाका. दिवाळीनंतर हवा कोरडी झाली की तळ धुऊन दोन दिवस सुकवा, तारेच्या ब्रशने गंज घासा, गंजावरचं केमिकल आणि झिंक प्रायमर लावा आणि दरवाजाखालच्या पोकळ पट्ट्यांत मेणासारखं ॲन्टिरस्ट फवारून घ्या. जळकं ऑइल मारायला कोणी सांगेल. ते लोअर आर्मच्या रबरी बुशांना आणि ड्राइव्ह शाफ्टच्या रबरी टोप्यांना खातं, शिवाय खाली ठिबकून अंगण खराब करतं.

कराडला जाताना यजमानांना रजा घ्यायला लावा आणि चिपळूणचा तुमचा नेहमीचा मेकॅनिक बरोबर न्या. त्याच्या दिवसाच्या मजुरीचे पैसे आधीच ठरवा, आणि सौदा झाला तरी न झाला तरी ते द्यायचेच असं त्याला निघतानाच सांगा.